पाचव्या कोटाची डावी कॉलर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचताना समासात पेन्सिलीने कारणंही लिहिते. 'ताप असावा.' 'मांजर.' 'दार नीट लावलेलं नव्हतं.' भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. ज्या गोष्टीची यादी करता येत नाही तिच्यावर मी वेळ घालवत नाही, एवढा साधा माझा हिशोब. पण १९८८च्या थंडीतल्या एका गोष्टीची मी यादी केली, चार वेळा केली, आणि ती दर वेळी एकाने जास्त भरली. आता तुम्हीच समासात काय ते लिहा.

नागपुरात महाल भागात, गांधी गेटच्या आतल्या गल्लीत आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणं — राजा, प्रधान, मावळा, परी, ऋषी, राक्षस. शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगचा सीझन म्हणजे डिसेंबर-जानेवारी, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. दुकान सासऱ्यांचं. यजमान कुहीला शिक्षक, रविवारपुरते घरी, म्हणून दुकान माझ्याकडे आलं. मी आल्यावर पहिलं काम केलं ते रजिस्टर. प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये नंबराची फीत, आणि रजिस्टरात रकाने — काय, कोणासाठी, गेलं, आलं, शेरा. तेव्हापासून आमच्याकडे एक मिशीसुद्धा हरवलेली नाही.

शिवणारे डोमाजी मास्टर. मूळचे उमरेडचे, कोष्ट्याच्या घरातले, माग सोडून मशीनवर आलेले. सासऱ्यांच्या वेळेपासून तेच. चित्र दाखवा, कपडा तयार. पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता येत नाही. तोवर सीझन कुठे थांबतो? नोव्हेंबरात त्यांनी एका अंगरख्याचे सगळे बंद एकाच बाजूला लावले. मग एका प्रधानाची बाही उलटी. मी रजिस्टरात दोन्हींची नोंद केली आणि मास्टरांना समोर बसवून सांगितलं, "हा सीझन बघू. अजून एक चूक झाली, तर तुम्ही उमरेडला मुलाकडे जाऊन आराम करा."

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "आराम करून काय करू जी? मले मशीनवरून उठवलं तं दिवसभर हात कुठं ठेवू?"

मला वाईट वाटलं. पण सीझन वाटण्यावर चालत नाही.

अशात माझी मुलगी वंदू — बी.एस्सी. दुसरं वर्ष — एक मासिक घेऊन आली. माझे धाकटे दीर सुधाकरभाऊजी कारखान्यातर्फे ट्रेनिंगला जपानला होते. त्यांनी पुतणीला एक कॅसेट आणि हे मासिक पाठवलं होतं. त्यात पानभर रंगीत फोटो. काळोख्या पडद्यासमोर चार जण. तोंडाला पांढरीफटक पावडर, ओठ रंगवलेले, केसांच्या गुंडाळ्या, गळ्याशी लेसचे थरावर थर, गुडघ्यापर्यंत कोट.

"या कुठल्या बायका?" मी विचारलं.

"आई! मुलगे आहेत ते. जपानचा रॉक बँड आहे."

"मग कपडे असे काहून?"

"त्यांना जुन्या फ्रान्सचे सरदार आवडतात. ते राजवाडे, ती नजाकत… तशी स्टाईल आहे तिकडे. आम्ही चौघी गॅदरिंगला हेच करणार आहोत. गाणं मी देवनागरीत उतरवून घेतलंय."

"अर्थ?"

"अर्थ कोणाला लागतो?"

फ्रान्सच्या लोकांनी त्या सरदारांचं शेवटी काय केलं ते नववीच्या इतिहासात आहे, हे मी तिला सांगितलं. उपयोग शून्य. शेवटी मी यादी केली. आमच्याकडे या जातीचं एकच सामान होतं — 'फिरंगी वकील'. शिवराज्याभिषेकाच्या प्रत्येक नाटकात एक इंग्रज वकील वाकून नजराणा देतो, त्याचे कोट. ते दोन. म्हणजे दोन कोट दुरुस्त करायचे, दोन नवे. एकूण कोट चार, लेसच्या गळपट्ट्या चार, बाह्यांना लेस, पांढरे मोजे शाळेच्या ड्रेसमधले. यादी भिंतीला टोचली.

मास्टर मासिक घेऊन ओट्यावर उन्हात बसले, भिंग डोळ्याला लावून. अर्धा तास. मग आत येऊन म्हणाले, "बाई, यादीत चार लिहिले. पाच पाह्यजेत नं."

"चार मुली आहेत, मास्टर. चार."

"पोट्ट्या चार असतीन जी. फोटोत पाच जण आहेत."

मी फोटो हातात घेऊन एक-दोन-तीन-चार असं बोट ठेवून मोजलं. वंदूने मोजलं. ती हसली, "मास्टरकाका, तुम्हाला डबल दिसतंय."

"डबल दिसलं असतं तं आठ दिसले असते वं पोरी," मास्टर म्हणाले. "मले पाच दिसून राहिले. तो मागं उभा आहे, पडद्यापाशी."

मी भिंग घेऊन पाहिलं. पडद्याची चुणी. मी म्हटलं, "चारच शिवा," आणि कामाला लागले. त्या दिवशी तीन शाळांचे मावळे न्यायचे होते.

आठवड्याने मला एका नाटकासाठी दरबाराचा जांभळा मखमली पडदा लागला. रजिस्टरात 'आहे'. कपाटात नाही. सगळं कपाट उपसलं. दुपारी चारच्या उजेडात, मास्टरांच्या मशीनमागे खुंटीवर, मला तो सापडला — त्याचा कोट झालेला होता.

पाचवा कोट. आणि काय कोट! उजवीकडे कॉलर उंच, लेस दुहेरी. डावीकडे कॉलर अर्ध्यातच कापलेली, काठ आत मोडून बारीक टीप घातलेली. उजव्या बाहीला लेसचा झुपका, डावी बाही कोरी. आधी अंगरखा, मग प्रधान, आणि आता हे.

मी आवाज चढवला, हे मान्य करते. "पडदा कापला? यादीतला? आणि कापून असा? कॉलर अर्धी, लेस एकीकडे!"

"त्यानं तसंच घातलं आहे जी."

"कोणी?"

"मागच्यानं."

"मास्टर, मागे कोणी नाही!"

ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या दाराकडे, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं नाही. "बाकीच्यायले कपडे," ते म्हणाले, "आणि तो एकटा उभा. त्याले काहून नाही?"

मी म्हटलं, आपलं ठरलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. बोटातलं अंगुस्तान काढलं, मशीनवर ठेवलं, परत उचललं, खिशात टाकलं. मशीनला तेल दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उमरेड गाडीने गेले.

वंदू माझ्याशी चार दिवस बोलली नाही. गॅदरिंग झालं. चौघी चार कोट घालून जपानी भाषेत जे काय ते गायल्या. मागच्या बाकांवरून एकाने 'फिरंगी वकील आले हो!' अशी आरोळी ठोकली, आणि त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कोट परत आले. चार गेले, चार आले. पाचवा खुंटीवरच होता. मी त्याला नंबरही दिला नव्हता, कारण नंबर दिला असता तर पुढचे रकाने भरावे लागले असते.

वंदूने मात्र काकाला जपानला पत्र खरडलं होतं — आईने मास्टरांना काढलं, त्यांना फोटोत पाच दिसले म्हणून, कोटाची कॉलर कापली म्हणून. जानेवारी संपता संपता भाऊजींचं उत्तर आलं. पाकीट माझ्या नावाचं. आत घडी घातलेलं एक छापील पत्रक.

'वहिनी,' त्यांनी लिहिलं होतं, 'वंदूचं पत्र वाचून मी हॉस्टेलजवळच्या कॅसेटच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीला बोटं दाखवून विचारलं, चार की पाच. तिने ड्रॉवरमधून हे जुनं पत्रक काढून दिलं. आधी पाच होते. पाचवा कुठे गेला तेही तिने सांगितलं, बराच वेळ सांगितलं, पण माझं जपानी कारखान्यापुरतं. मला स्क्रू, बेअरिंग आणि जेवण एवढंच समजतं. तिचे डोळे भरले होते की सर्दी होती, सांगता येत नाही.'

पत्रक काळंपांढरं. पाच जण. पाचवा कडेला, उभा, व्हायोलिन हनुवटीखाली धरलेलं.

आपल्याकडे व्हायोलिन बसून वाजवतात, छातीला टेकवून. आमच्या नाटकांना साथीला येणारे सगळे तसेच. उभं राहून हनुवटीखाली धरायचं तर डावी कॉलर आड येते, हे मला कधी सुचलंच नसतं. या मुलाची डावी कॉलर अर्धी कापलेली होती, काठ आत मोडलेला. डाव्या हाताची बोटं तारांवर, म्हणून डावी बाही कोरी. उजवीकडे सगळी लेस शाबूत.

मी पत्रक खुंटीवरच्या कोटाशेजारी धरलं. कॉलर तीच, बाही तीच.

मग कारणं लिहिली, सवयीप्रमाणे. एक — मास्टरांनी हे पत्रक आधी पाहिलं असेल. पण ते तर जपानहून त्याच दिवशी आलं होतं. दोन — कॅसेटमध्ये व्हायोलिन ऐकलं असेल. वंदूने कॅसेट पुन्हा पूर्ण लावली, व्हायोलिन नाही. तीन — योगायोग. कॉलरचा योगायोग मी मान्य केला असता. कॉलर आणि बाही आणि पाच… तिन्ही कारणांवर मी काट मारली आणि मला इतका राग आला! माझ्या दुकानात, माझ्या रजिस्टरासमोर, भर दुपारी हे घडावं आणि त्याला एक धड कारण असू नये?

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने उमरेडला गेले. मास्टर अंगणात खाटेवर बसले होते. हातात कापड नव्हतं, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होते, दोरा ओवल्यासारखे.

"मास्टर, माझं चुकलं," मी म्हटलं आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं. "हा बघा तुमचा पाचवा."

त्यांनी कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला, उन्हाकडे तिरपा केला.

"काय आहे हे, बाई?"

"फोटो. पाच जण आहेत. तो कडेला."

"मले काही दिसून नाही राहिलं जी. पांढरं पांढरं आहे."

"मग त्या मासिकात कसा दिसला?"

"त्यात दिसून राहिला होता," ते म्हणाले, जसं काही मीच वेड्यासारखं विचारत होते. "तुमच्यावानी साफ."

मी त्यांना घेऊनच आले. मार्चमध्ये डोळ्यांच्या शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड चष्मा लागला आणि मास्टर मशीनवर बसले. पहिल्याच दिवशी म्हणाले, ते मासिक द्या. ओट्यावर उन्हात बसून त्यांनी पान उघडलं. मी काउंटरमागून बघत होते. त्यांचं बोट फिरलं — एक, दोन, तीन, चार. परत फिरलं. चार. मग ते बोट पडद्याच्या चुणीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

ते आत आले. चेहरा उतरलेला.

"चारच आहेत जी. चूक माझीच होती." त्यांनी खुंटीवरून जांभळा कोट काढला आणि ब्लेड उचललं. "दोन घंट्यात उसवतो. पडदा जोडून देतो तुमचा."

त्या पडद्यासाठी मी काय काय बोलले होते, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"हात लावू नका त्याला," मी म्हटलं. आणि ड्रॉवरमधून पत्रक काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

चष्म्यातून त्यांनी ते पाहिलं. आधी पत्रक, मग कोट, मग पुन्हा पत्रक. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील, ज्याने माझा रकाना भरेल. त्यांनी कोटाच्या डाव्या कॉलरच्या मोडीवरून अंगठा फिरवला.

"बराबर कापल्या गेली जी," ते म्हणाले, आणि ब्लेड खाली ठेवलं.

त्या संध्याकाळी मी पाचव्या कोटाला फीत लावली आणि रजिस्टरात नोंद केली. काय — कोट, जांभळा, मखमली, डावी कॉलर अर्धी. कोणासाठी — इथे बराच वेळ पेन थांबलं, मग मास्टरांनी सांगितलेलं लिहिलं: 'मागच्यासाठी'. गेलं, आलं — रेघ. हा कोट मी भाड्याने देत नाही.

शेरा अजून रिकामा आहे. माझ्या सगळ्या रजिस्टरांत एवढा एकच. दर सीझनला यादी तपासताना तो दिसतो आणि दर सीझनला माझी चिडचिड होते.