सापडली का, ते लिहिलेलं नाही

सासूबाईंचा मोतीबिंदू बारामतीत काढला, आणि पळसदेवला घरी आल्यावर थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. दिवसातून सहा वेळा, दोन बाटल्या, मध्ये दहा मिनिटं त्यांनी डोळे मिटून पडायचं. सहाव्या वेळेपर्यंत माझेच डोळे मिटायला लागायचे. पण गप्प बसणं मला जमत नाही. दूध आणायला गेले तरी परत येऊन पाऊण तास सांगते, अशी घरात माझी ख्याती. म्हणून तेव्हा वाचत होते ती कादंबरी त्यांना सांगायला घेतली.

कादंबरीत एका बाईची लहान मुलगी हरवते. बाई रोज तिचं ताट वाढून ठेवते, आणि एखाद्या दिवशी भातात चार बोटं उमटलेली असतात. मुलगी आली, की बाईचंच डोकं फिरलं, लेखिका सांगत नाही. भूत कुठंच दिसत नाही, तरी वाचताना भाताकडे बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सांगता सांगता माझी जीभ अडखळली. गावाशी धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं त्या साली सासूबाईंची थोरली मुलगी काठावरून नाहीशी झाली होती. पाच वर्षांची. पंचवीस वर्षांच्या संसारात हे मी एकदाच ऐकलेलं, आणि विसरून बसलेली! त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, आजींना महिनाभर रडू द्यायचं नाही.

मग दमल्या डोक्यानं मी शेवटच बदलायला घेतला. "तर आत्या, एक दिवस त्या पोरीला तिच्या मामानं आणून सोडलं..."

"कुठला मामा? इतकं दिस नव्हता." त्यांचे डोळे मिटलेलेच. "तुझ्या मनचं हाय ते. पुस्तकात काय हाय?"

"सापडली का, ते लिवलेलं न्हाय."

"आन् मेली म्हणून?"

"तेबी न्हाय."

"ताट वाढायचं बंद करती का ती?"

"न्हाय. शेवटच्या पानावरबी वाढतीच."

मी कापूस हातात धरून त्यांच्या पापण्यांकडे बघत बसले. कोरड्या होत्या.

"मंग खरं लिवलंय बाईनं," त्या म्हणाल्या. "समदी म्हणायची, पोरीचं दिवस घाला, मोकळं व्हा. मी घालू दिलं न्हाय."

"तुमी कधी बोलला न्हाय, आत्या."

"तू बोलू देतीस व्हय? आता पयल्यापसनं सांग. आन् मधी मामा-बिमा आणू नगंस."