बिरुदेवनं डिस्क पारखली

कुंभारीचा बिरुदेव शेळ्यांचा व्यापारी. पाठीवरून नुसता हात फिरवला, की शेळीचं वय, वजन आणि मालकाची लबाडी एका दमात सांगणार. घेतलेलं जनावर या गड्यानं जन्मात परत नेलं नव्हतं. असल्या माणसाला कॉम्प्युटरच्या दुकानात पाठवू नये. पण लेकीची परीक्षा होती, करणार काय!

लेक प्रियंका सोलापुरात इंजिनिअरिंगला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिला बिटकॉइनचा नोड चालवायचा होता. म्हणजे त्या नाण्याचे पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्यवहार आपल्या मशीनवर उतरवून तपासायचे. दहा दिवसांत मशीन आजच्या तारखेपर्यंत पोचलं नाही, तर वर्ष वाया. तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: दोन टीबीची एसएसडी.

दुकानदार नंदीशनं एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची हलकी डिस्क, पुढं ठेवली. बिरुदेवनं ती तळहातावर तोलली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये काय, काडीपेटीएवढं? उपाशी ठिवलंय व्हय?"

"मामा, हीच फास्ट चालते."

"मला शिकवू नगा. तीस वर्सं माल बघतोय."

त्यानं जुन्या पद्धतीची हार्डडिस्क उचलली. चांगली जडशीळ! खूश होऊन त्यानं खांद्यावरचा टॉवेल नंदीशच्या हातावर टाकला आणि बाजाराच्या रीतीनं आत बोटं दाबून भाव करायला लागला. नंदीश बिचारा घाबरून हात सोडवू लागला.

घरी डिस्क कुरकुरत चालली. चौथ्या दिवशी २०१७ सालच्या व्यवहारांत येऊन तिनं जी बसकण मारली, ती उठेचना. प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, हे महिनाभरात बी हुणार न्हाय."

बिरुदेव ताटावरून उठला. सकाळी तो डिस्क घेऊन निघाला, तशी बायको मायाक्का म्हणाली, "परत न्यायला लागलाव? लोक हसतील की!"

"हसू दे. पोरीचं वरीस हाय."

दुकानात नेमकी गर्दी. बिरुदेव सगळ्यांदेखत म्हणाला, "मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. पोरीनं लिवलंय त्येच द्या." लाजेनं त्याचे कान तापले. नंदीशनं मात्र गुपचूप डिस्क बदलून दिली.

नवी एसएसडी तीन दिवसांत आजच्या तारखेला टेकली. प्रोजेक्टच्या दिवशी मशीन उचलून बिरुदेवच कॉलेजात घेऊन गेला. सरांनी बघितलं आणि विचारलं, "हार्डवेअर अगदी योग्य आहे. कुणी निवडलं?"

"आमच्या अण्णांनी," प्रियंका म्हणाली.

बिरुदेव दाराशीच उभा होता. त्यानं दोनदा नाक शिंकरलं आणि शेजारच्या शिपायाला सांगितलं, "धूळ लई हाय हितं."