पायाळू सोमाभाऊ आणि मोहाखालचे शहाणे

“निंग बाहीर! पायाळू मानसा, आमाले सगळ्याईले मारतं काय?” मोहाच्या झाडाखालून आमचे पाटील ओरडत होते. आवाज असा, की ब्रह्मपुरीत खाकरले तर वडशाच्या ठेसनावरची गाडी दचकून सुटावी. वर ढग फुटत होते. भाताची रोवणी अर्धी टाकून आम्ही वीस-बावीस जण त्या झाडाला गोचिडासारखे चिकटलो होतो, आणि एकट्या सोमाभाऊला भर पावसात हाकलत होतो...

तो सोमाभाऊ गेल्या महिन्यात गेला. खाटेवर, म्हातारपणानं, पोटभर जेवून. गावाकडून पत्र आलं तेव्हा मला आधी हसूच फुटलं. कारण हा माणूस विजेनं मरणार, हे आमच्या गावानं पन्नास-पंचावन्न सालीच ठरवून टाकलं होतं. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले, एवढाच त्याचा गुन्हा. पायाळूवर वीज धावून येते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगे. आणि त्याच गावाच्या कंबरेत उसण भरली की याच पायांची लाथ खायला पहाटेपासून रांग! पाटील सर्वांत पुढे, धोतर सावरून, पाठ वाकवून. लाथ पवित्र, माणूस अपशकुनी. असल्या वस्तीला कोंडवाडा म्हणणं म्हणजे आतल्या गुरांचा अपमान.

हाकलून हाकलून सोमाभाऊ मात्र विजेतला जाणकार झाला होता. कोणत्याच झाडाखाली त्याला थारा नाही, म्हणून दर पावसाळ्यात तो उघड्यावरून बघत बसे. वीज कुठे पडते ते आमच्यात त्याला एकट्यालाच दिसलं होतं... उंच झाडावर. त्या दिवशीही तो गेला, खांद्यावरची कुऱ्हाड लांब फेकली, भाताच्या बांधीतल्या पाण्यापासून दूर एका खोलगट जागी पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत घालून उकिडवा बसला. “पाहा रे, अंडी उबवून राह्यला!” पाटील म्हणाले. आम्ही खिंकाळलो.

आणि वीज पडली. मोहावर. झाड केळ्यासारखं सोललं गेलं. बुंध्याला बांधलेली पाटलांची बैलजोडी उभ्या जागी मेली. खुद्द पाटील असे उडाले, की चिखलातून उपटायला चौघे लागले, आणि तीन दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढी शांतता गावाला पुन्हा लाभली नाही. धावत आला तो सोमाभाऊच. त्यानंच आम्हाला एकेकाला ओढून बाहेर काढलं.

शुद्धीवर आल्यावर गावानं काय ठरवावं? सोमा घटकाभर झाडाखाली उभा होता, त्याच्या वासानं वीज तिथं आली! त्या दिवसापासून त्याला रोवणीला बोलावणं बंद. लाथ मात्र चालू.

आठवड्यानं मी बधिर पाय ओढत त्याच्याकडे गेलो. त्या सगळ्या गाढवांना यथेच्छ शिव्या देऊन झाल्यावर म्हटलं, “पर सोमाभाऊ, तुले मालूम होतं, तं आमाले तिकडं काऊन नाई बोलावलं?”

तो बांबूची टोपली विणत होता. मान वर केली नाही.

“दोनदा बोलावलं. दुसऱ्या बारीले तू चिखलाचा गोळा मारला.”