मोजून घ्या, ताई

आमच्या घरात संशयाला कधी दोष मानलं नाही, तो गुणच धरला जायचा. वडील सांगलीच्या पेठेत हळदीचे अडते. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या हळदीवर जायचं नाही, लोखंडी नळी तळापर्यंत खुपसून आतली हळद बघायची, हा त्यांचा धंद्यातला शिरस्ता त्यांनी माणसांनाही लावला. दूधवाला, धोबी, मला बघायला आलेली मुलं, सगळ्यांना ही नळी. मी त्यांचीच मुलगी. आजही भाजीवाल्यानं मेथीची एखादी जुडी उगीच जास्त दिली, तर मी घरी येऊन ती सोडून बघते.

दोन वर्षांपूर्वी सांगलीचं घर आवरलं. वडिलांना साताऱ्याला माझ्याकडे आणलं आणि मागोमाग ट्रकवर घालून त्यांची जुनी गाडी आणली. मी बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, वेळ भरपूर होता आणि हट्ट तर जन्माचाच. बंगल्याच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथं गाडी दुरुस्तीला काढली. वायरिंग, ब्रेक, सीटची कव्हरं, पत्र्याचं काम असं वर्षभर चाललं. इंजिन तेवढं राहिलं होतं, कारण त्यातल्या कार्बोरेटरला मी कुणाला हात लावू दिला नाही. तो आमचा नव्हता. आमच्या घराच्या इतिहासाप्रमाणे आमचा कार्बोरेटर पंचेचाळीस वर्षांपूर्वी चोरीला गेला होता आणि त्या जागी दुसरा बसवला गेला होता.

ती हकीकत अशी. मी तेव्हा तेरा वर्षांची. दिवाळीच्या आधी एका मिस्त्र्यानं सांगलीच्या घरीच आमच्या गाडीचं इंजिन खोललं होतं. सगळे भाग ओसरीत कागदावर मांडून तो दुपारी जेवायला गेला. नेमका त्याच वेळी भांड्यांवर नावं घालणारा माणूस आला. आई आतून एकेक डबा देत होती, तो छिन्नी-हातोडीनं टिकटिक करत नाव घालत होता. वडिलांच्या डोक्यात कल्पना आली. त्यांनी कार्बोरेटर, सुट्या झाकणासकट, उचलून त्याच्यापुढे ठेवला. "झाकणावर आडनावाचं पहिलं अक्षर घाल. उद्या कुणी बदलला तर कळेल." तेवढ्यात पेठेतून कोणीतरी आलं, म्हणून मला तिथं बसवून ते बाहेर गेले. मिस्त्री जेवून यायच्या आत काम उरकलं, आणि कार्बोरेटर होता तिथं परत गेला.

महिन्याभरानं गाडी पेट्रोल जास्त खायला लागली. वडिलांनी बॉनेट उघडलं, झाकणावर बॅटरीचा उजेड टाकला. अक्षर नव्हतं. त्यांनी मिस्त्र्याला घरी बोलावून घेतलं. खूण काय होती ते सांगितलं नाही, ती त्यांची गुप्त गोष्ट. एवढंच म्हणाले, "ही वस्तू माझी नाही. मला माझी वस्तू ओळखता येते." मिस्त्री फाटकात उभा राहून म्हणाला, "आवं मालक, झाकान खोलून तरी बघा." वडील म्हणाले, "खोलायला देऊ, म्हणजे उरलेलं पण नेशील." मी दारातून ऐकत होते आणि मला वडिलांचं उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

पेठेत ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली. व्यापाऱ्यांच्या गाड्या त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. वर्षभरात त्यानं गॅरेज मोडलं आणि कुपवाडला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. वडिलांनी गाडीला दुसऱ्या मिस्त्र्याचाही हात लागू दिला नाही. एक चोर गेला की दुसरा येतो, असं म्हणत त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि स्कूटर घेतली.

आता अस्सल कार्बोरेटर हवा होता, म्हणून मी सांगलीच्या भंगारवाल्यांकडे फिरले. तिघांनी एकच पत्ता दिला. या गाडीचं काम जाणणारा एकच म्हातारा उरलाय, कुपवाडला राहतो. पत्ता ऐकताना मला कळलं की हा तोच. आणि लगेच दुसरा विचार आला, तो इथं लिहायला लाज वाटते. हा तोच, म्हणजे आमचा कार्बोरेटर अजून याच्या ट्रंकेत असणार. कामाला बोलवावं, चार गोड शब्द बोलावेत, तो आपणहून आणून बसवेल. माझा असा डाव होता.

कुपवाडला जाऊन मी त्या मिस्त्र्यांना गाडी कुणाची ते सांगितलं. ते म्हणाले, "येतो. रैवारी येतो."

दर रविवारी ते एसटीनं यायचे. त्र्याहत्तरीचा माणूस, हात मात्र स्थिर. मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर वाटाणे किंवा गवार, लक्ष त्यांच्या पिशवीकडे. वडील आत झोपलेले असायचे. त्यांना दिसत जवळजवळ नाही. कोण आलंय विचारलं की मी सांगायचे, "कुपवाडचे एक मिस्त्री आहेत." मिस्त्र्यांनी सोडवलेल्या भागांचे मी मोबाइलवर फोटो काढायचे. ते त्यांना दिसायचं. निघताना ते पांढऱ्या फडक्यावर सगळे भाग आणि आपली हत्यारं ओळीनं मांडायचे, पिशवी उलटी करून दाखवायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या, ताई." पहिल्या रविवारी मी खरंच मोजले. नंतरही मोजत राहिले. एवढं बिनतक्रार दाखवतोय म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असंही मला वाटायचं.

पाचव्या रविवारी इंजिन पूर्ण झालं. मी मुद्दाम म्हटलं, "आता फक्त कार्बोरेटर राहिला. हा काही आमचा मूळचा नाही." आणि त्यांच्या पिशवीकडे बघत राहिले.

त्यांनी कार्बोरेटर काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या मांडीवरच्या गवारीच्या ताटाशेजारी ठेवला. हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. "ह्ये मी न्हाई खोलनार. तुमीच खोला."

पाच स्क्रू होते. दोन गंजलेले, त्यांवर त्यांनी रॉकेलचा थेंब सोडला, पण हात लावला नाही. झाकण निघालं. मी ते उलटं केलं. आतल्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आमच्या आडनावाचं अक्षर होतं.

मला सगळं आठवलं. ओसरी, छिन्नीची टिकटिक, नाव घालणाऱ्यानं वर बघून विचारलेलं, "कुठं घालू, बाई?" आणि मी, आईचे डबे बघून बघून शहाणी झालेली, म्हणाले होते, "आतून घाला. बाहेरचं घासून पुसतं."

मिस्त्री म्हणाले, "मी जेवून आलो, झाकान बसवताना दिसलं हुतं. तवाच कळलं, मालकांचा माझ्यावर भरवसा न्हाई. बोललो न्हाई काय. पेट्रोल जास्त जात हुतं त्ये चोकची तार अडकली म्हनून. तासाचं काम."

झाकण घेऊन मी आत गेले. वडिलांना उठवलं, शेडमध्ये कोण आलंय ते खरं सांगितलं आणि त्यांचा अंगठा झाकणाच्या आतल्या अक्षरावर ठेवला. त्यांनी दोनदा फिरवला. मग काठी मागितली, टोपी मागितली. शेडच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "आतून घालायला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. दोघांनीही ऐकलं.

वडील मिस्त्र्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "मी तेव्हाच उघडायला पाहिजे होतं."

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "पाहिजे हुतं."

वडिलांनी मला चहा करायला सांगितला. मिस्त्री चहा प्यायले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी लय ल्हान हुता तवा." त्यांनी मला सोडून दिलं, पण मला स्वतःला तसं सोडता येत नाही. फाटकात ते झाकण खोला म्हणत होते तेव्हा मी दारातच होते. मला खरंच आठवलं नव्हतं, की वडील खोटे पडू नयेत म्हणून मी आठवू दिलं नव्हतं? मी या प्रश्नात तळापर्यंत नळी खुपसून बघते आणि जे हाताला येतं त्यावर माझा विश्वास बसत नाही.

कार्बोरेटर बसवला, गाडी तिसऱ्या झटक्यात सुरू झाली. मिस्त्र्यांनी फडकं पसरलं, हत्यारं ओळीनं मांडली, पिशवी उलटी केली. "मोजून घ्या, ताई."

"आता नको, मिस्त्री," मी म्हटलं. "आता कशाला?"

"न्हाई," ते म्हणाले. "मोजूनच घ्या."

सांगलीच्या एसटीची वेळ होत आली होती, तरी ते फडक्यापाशी उभेच राहिले. मग मी खाली बसले आणि एकेक वस्तूला बोट लावत, त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं मोजलं. सगळं बरोबर होतं.