मधली पट्टी

चामड्याचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चपला येतात. या बाईनं जन्मात चप्पल केली नाही. ती टोप्या करते, नाटकवाल्यांसाठी मुखवटे आणि चिलखतं करते, आणि हत्यारांना म्यानं करते. लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. सासऱ्यांनी भोकं पाडायची आरी हातात दिली, ती पहिल्याच दिवशी अंगठ्यात घुसली. सासरे म्हणाले, "झालं, आता हात तयार झाला." पुढे सासरे गेले, नवराही गेला, आणि दुकान तिच्या आणि नणंदेच्या गळ्यात पडलं. नणंद वयानं मोठी, लग्नाच्या फंदात न पडलेली. कापायचं काम नणंदेचं, शिवायचं हिचं. तोंडं दोघींचीही दिवसभर चालतात, हातांच्या बरोबरीनं.

चिलखताचा टाका चुकला तर काय होतं? राजाचं पोट उघडं पडतं आणि लोक हसतात. लाकडी तलवारीनं कुणी मरत नाही. टोपी घट्ट झाली तर गिऱ्हाईक कुरकुरतं आणि परत येतं. म्यानाचं तसं नाही. त्यात खरं पातं जातं. चामडं दुमडून कडेनं शिवायचं, आणि पात्याची धार नेमकी त्या शिवणीकडे येते. म्हणून दोन पदरांच्या मधे जाड चामड्याची एक पट्टी घालायची आणि मगच शिवायचं. धार पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. पट्टी नसली तरी म्यान बाहेरून तितकंच देखणं दिसतं. फक्त सुरा आत गेला की दर वेळी थोडा थोडा दोरा कापला जातो, आणि एक दिवस पातं शिवण उसवून बाहेर येतं. कमरेला म्यान असतं, म्हणजे पुढे मांडी असते. यात समजायला अवघड काही नाही. हे तिला झोपेतही ठाऊक होतं.

त्या सकाळी ती एका रागीट म्हाताऱ्याचा मुखवटा करत होती. ओलं चामडं लाकडी साच्यावर ताणून नाकाच्या दोन्ही बाजूंनी दाबून बसली होती. ओलं चामडं कुणासाठी थांबत नाही, म्हणून नणंद केर काढताना काहीतरी हातात घेऊन उभी राहिली तरी तिनं मान वर केली नाही.

"वहिनी, ही कशाची?"

"टाका केरात."

"केर नाही हा. मी कापलेली आहे. खारूच्या म्यानाची."

आता तिनं पाहिलं. वाकड्या सुऱ्याच्या धारेबरहुकूम कापलेली पट्टी. कडेला आरीचं एक भोक नाही, सरसाचा डाग नाही. म्हणजे ही पट्टी कशातच शिवली गेली नव्हती. नाकाचं चामडं तिच्या बोटांखालून वर उचललं गेलं आणि म्हातारा एकदम नकटा झाला. तिचं लक्षच नव्हतं.

खारू म्हणजे झाडं छाटणारा. खारीसारखा सरसर चढतो म्हणून सगळे त्याला खारूच म्हणतात. नवा सुरा घेऊन तो गेल्या आठवड्यात आला होता आणि म्यान होईपर्यंत स्टुलावर बसून राहिला. मांजर उतरवायला झाडावर गेलेल्या माणसाला मांजरानं कसं उतरवलं, ते त्यानं दोन्ही आवाज काढून सांगितलं. हसता हसता हिनं कडा जुळवल्या आणि शिवत सुटली.

"तुम्ही मला दाखवायचं नाही का, वन्सं?"

"कापून पुढ्यात ठेवली होती. आणखी काय, भरवायची होती?"

तिनं ओल्या हातानंच फोन लावला. खारूच्या बायकोनं उचलला.

"ते फोन घरीच ठेवतात, मावशी. एकदा वरून पडला ना, तेव्हापासून."

"आज कुठं आहे?"

"दवाखान्याच्या मागं. मोठं झाड आहे, दोन दिवस चाललंय. का हो?"

"त्याच्या म्यानात खोट राहिलीय. आलाच घरी तर कमरेला लावू देऊ नकोस."

तेवढ्यात नणंदेनं बाहेर स्कूटर सुरू केली होती.

नणंदेच्या मागे बसणं एरवी जिवावर येतं, कारण ती गाडी बैलगाडीसारखी हाकते. आज तिनं पहिली दोन वळणं बरी घेतली, पण चौकात लाल दिव्याला थांबलीच. रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही.

"चला ना."

"दिवा लाल आहे."

"वन्सं, तो माणूस झाडावर आहे."

"आणि आपण दोघी दवाखान्यात पुढच्या दारानं गेलो तर त्याला कोण सांगणार?"

दिवा हिरवा होईपर्यंत हिनं हातातली पट्टी वळून वळून पार चोळामोळा केली.

दवाखान्यामागच्या आवारात फांद्या बारीक करणारं यंत्र घरघरत होतं. झाड तीन मजली इमारतीच्या वर गेलेलं. खारू पार वर, फांदीवर घोडा मांडून बसला होता, कमरेला दोर, हातात सुरा. त्यानं दोघींना पाहिलं आणि सुऱ्यानंच सलाम केला. म्हणजे सुरा अजून बाहेर होता. तिला जरा धीर आला.

"सुरा म्यानात घालू नकोस," ती ओरडली.

त्यानं कानामागे हात धरला. "काय?"

"म्यानात घालू नकोस."

आपल्या भाषेची ही एक तऱ्हाच आहे. नकार बसतो वाक्याच्या शेपटाला, आणि शेपूट यंत्राच्या घरघरीत गेलं. खारूला आधीचं तेवढं ऐकू आलं. "घालतो की," असं म्हणून त्यानं मान हलवली आणि सुरा कमरेकडे नेला. बसलेला माणूस, पोटाशी आलेली मांडी, आणि म्यान नेमकं मांडीवर आडवं.

या खेपेला ओरडली ती नणंद.

"खारू, सुरा फांदीत मार. फांदीत."

यात नकार कुठंच नव्हता. सुरा म्यानाच्या तोंडाशी थबकला. खारूनं खाली पाहिलं, सुऱ्याकडे पाहिलं, बहुतेक म्हाताऱ्यांचं डोकं फिरलंय असं ठरवलं, आणि पातं शेजारच्या जाड फांदीत खच्चून रोवलं. मग दोरावरून खाली आला.

"काय झालं? फांदीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

तिनं बोलत न बसता त्याच्या कमरेचं म्यान धरलं आणि शिवणीत बोट घातलं. बोट आरपार बाहेर आलं. खालचे सगळे टाके तुटून दोऱ्याची टोकं पिंजारली होती. त्याच्या विजारीला तिथंच चीर होती, आणि आत कातडीवर मांजरानं ओरखडावं तशी रेघ.

"हे कधी झालं?"

"सकाळी. मला वाटलं काटकी लागली."

"काटकी नाही. सुरा." तिनं चुरगळलेली पट्टी त्याच्या हातावर ठेवली. "ही मधे घालायची असते. मी घातली नाही. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

खारूनं पट्टी पाहिली. मग विजारीची चीर दोन बोटांनी मिटवून धरली, जशी काही ती मिटणारच होती.

"असं आणखी कुणाला दिलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. पण आज घरोघर जाऊन सगळी म्यानं बघणार आहे."

"बघाच," तो म्हणाला. नणंदेनंही मान डोलावली.

यंत्र बंद झालं होतं. सुरा मात्र वर होता, आणि तो तिथं ठेवून कुणालाच जाता येणार नव्हतं. खारूनं म्यान सोडून तिच्या हातात दिलं आणि पुन्हा वर गेला, या खेपेला सावकाश, प्रत्येक पाऊल चाचपत. फांदीतून पातं हलवून हलवून काढलं, दोराला मुठीपाशी बांधलं आणि खाली सोडायला लागला. सुरा गिरक्या घेत येत होता. नणंद यंत्रवाल्यांना मागे रेटत होती. ही मात्र एकटी झाडाखाली उभी राहिली, दोन्ही हात वर करून.

"धरला का, मावशी?"

पातं एकदा तिच्या बाजूला वळलं, एकदा पलीकडे. ते पलीकडे असताना तिनं दोन्ही हातांनी मूठ पकडली, नीट आवळली, आणि मगच बोलली.

"धरलाय. सोड आता."