कोपरापर्यंत हात

आमच्या अक्कांचा उजवा हात कोपरापर्यंत तांबूस होता आणि डावा चारचौघांसारखा. दोंडाईच्याला त्यांच्या यजमानांचा मिरचीचा व्यापार. यजमान गादीवर बसून गोड बोलायचे आणि माल अक्का तपासायच्या. पोत्याच्या तोंडाशी लालभडक, चकचकीत मिरची असली की बाकीचे "वा!" म्हणायचे. अक्का मात्र बाही वर करायच्या, हात कोपरापर्यंत पोत्यात खुपसायच्या आणि तळाची मूठ बाहेर काढायच्या. त्या मुठीत पांढरी पडलेली, भिजकी मिरची निघाली की शेतकरी आकाशाकडे बघायला लागायचा. "तोंडवर बठ्ठा चांगलाच माल ऱ्हास. मझार हात घाल," तोंडाशी सगळा चांगलाच माल असतो, आत हात घाल, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, त्यामुळे दुसरं शिकायची वेळ आली नसावी.

नात्यानं त्या माझ्या थोरल्या नणंद. मी त्यांच्या अगदी उलट. मी आयुष्यभर पोत्याच्या तोंडावर भाळत आले. साडी घेताना वरची घडी बघायची, आत काठच नाही हे घरी आल्यावर कळायचं. अक्का घडी उलटून विचारायच्या, "मांगे काय शे?" मागे काय आहे, हा प्रश्न त्यांनी साडीला विचारला, भाड्याच्या घराला विचारला, माझ्या भिशीतल्या मैत्रिणींनाही विचारला. मैत्रिणी कमी झाल्या. उरल्या त्या चांगल्या निघाल्या, याचाही मला राग आला.

मला बघायला दोंडाईच्याहून जळगावला आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. मी पुढच्या खोलीत अर्धा डबा पावडर थापून बसलेली. समोर मी 'स्वतः भरलेला' टेबलक्लॉथ. तो बाजारातून आणला होता आणि त्याची चिठ्ठी काढायची राहिली होती, इतकी मी हुशार. अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाणी पिस," म्हणत थेट मागे मोरीपाशी गेल्या. तिथली भांडी आरशासारखी लखलखत होती. आल्या आणि होकार देऊन मोकळ्या झाल्या. ती भांडी माझ्या धाकट्या बहिणीनं घासली होती. म्हणजे अक्का एकदा, निदान एकदा तरी, चुकल्या होत्या! हे गुपित मी पन्नास वर्षं दागिन्यासारखं जपलं. त्यांनी काही टोचून बोललं की मनातल्या मनात मी ते काढून घालून बघायची.

यजमान गेले, पेढी बंद झाली आणि अक्का आमच्याकडे धुळ्याला राहायला आल्या. त्याच सुमारास माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नात रेवा पुण्याला नोकरीला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली. "आजी, गेम खेळ, वेळ जाईल." वेळ गेला, तो अजून परत आलेला नाही. मोठ्या कंपन्यांचे मारधाडीचे खेळ मला नकोत. एकदोघांनी घरी बसून बनवलेले छोटे खेळ मला आवडायचे. त्यांचा आधी फुकट नमुना मिळतो, त्याला डेमो म्हणतात. तो खेळून बघायचा आणि घ्यायचा की नाही ते ठरवायचं. म्हणजे पोत्याचं तोंडच की हो! मग माझ्यासारखीनं काय करावं?

पहिला खेळ मी अक्कांना न विचारता घेतला. डेमोत सोन्याचा महाल होता, उडता घोडा होता, सनई वाजत होती. पूर्ण खेळ उतरवला तर पुढेही तोच महाल, फक्त रंग बदलून हिरवा, मग जांभळा. अक्का शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. "मांगे काय शे?" म्हणाल्या. मी घोडा महालाच्या मागे नेला. मागे भिंतच नव्हती. जमीनही नव्हती. घोडा निळ्या पोकळीत पडायला लागला तो पडतच राहिला. बहुतेक अजून पडतोय. "तुले फसाडाले येळ लागत नही," एवढंच बोलून अक्कांनी शेंगेचं टरफल टाकलं.

दुसरा खेळ छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा. कुठल्या तरी परदेशातल्या नवरा-बायकोनं बनवलेला. डेमोत एकच दिवस, तीन छत्र्या. काडी बसवायची, कापड शिवायचं, गिऱ्हाईक हसतं, संपलं. मी अर्थातच भाळले. पण घोडा आठवला आणि मी अक्कांना बोलावलं. त्यांनी छत्र्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

"मांगे ने."

दुकानामागे एक बुटका दरवाजा होता, मला तो दिसलाच नव्हता. आत गळकं छप्पर आणि त्याखाली एक पातेलं. थेंब पडायचा, टप्. खेळात त्या पातेल्याचा काही उपयोग नव्हता. अक्कांनी कान लॅपटॉपला लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"कोनी देखाव नही, तठे बी भांडं ठेयेल शे. हाऊ माल खरा शे. ले."

कुणी बघणार नाही तिथेही भांडं ठेवलंय, म्हणून माल खरा! इतक्या सहज मिळालेला होकार मला सहन झाला नाही. मी माझा दागिना बाहेर काढला. "अक्का, मला बघायला आलात तेव्हाची ती भांडी मी घासलीच नव्हती."

"माले माहीत शे. तुना हात कोरडा व्हता. राख धाकलीना हातले व्हती."

"मग होकार कसा दिलात?"

"ती गानं म्हनत घासत व्हती. जिन्हासाठे धाकली बहीन गानं म्हनत भांडा घासस, ती पोर वाईट कशी ऱ्हाई?"

पन्नास वर्षांचा माझा दागिना असा पितळी निघाला.

खेळ मात्र घेता आला नाही. पूर्ण व्हायचा होता, डेमो तेवढा तयार. अक्कांना ते पटलं. "ओली मिरची कोनी पोतामा भरस का? वाळू दे." मग दर आठवड्याला त्यांची चौकशी, "वाळनी का?" रेवाचा फोन आला तरी आधी तेच. उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं, तिथेही पुढची चकचकीत खोली बघून त्यांनी नर्सला विचारलं, सैपाकघर मागे कसं आहे. शेवटी बोलणं कमी झालं. एका दुपारी डोळे न उघडता म्हणाल्या, "वाळनी का?"

"नाही अजून, अक्का."

"मंग तू देखजो."

त्या गेल्यावर चार महिन्यांनी खेळ आला. लोकांनी लिहिलं होतं, संथ आहे, काही घडतच नाही. रेवा म्हणाली, "आजी, थांब, स्वस्त होईल." आणि खरं सांगू? खेळ फसवा निघावा असं मलाही वाटत होतं. एकदा, फक्त एकदा, अक्कांचा अंदाज चुकलेला मला बघायचा होता. म्हणून लगेच घेतला.

दुकानात तीन गिऱ्हाइकं मोडक्या छत्र्या घेऊन उभी होती. मी थेट मागे गेले. इतक्या महिन्यांत पातेलं काठोकाठ भरलं होतं, पाणी फरशीवरून वाहत होतं. ते उपसा असं खेळात कुणी सांगितलं नव्हतं. मी पातेल्यावर क्लिक केलं. छत्रीवाल्या बाईनं ते उचललं, अंगणात ओतलं आणि जागेवर ठेवलं. पुढचा थेंब रिकाम्या भांड्यात पडला आणि आवाज वेगळा आला, टण्. तोही त्या नवरा-बायकोनं वेगळा करून ठेवला होता.

चुकला असतात एकदा, तर काय बिघडलं असतं, अक्का?

गिऱ्हाइकं ताटकळली होती. म्हटलं, उभी राहू देत. पातेलं पुन्हा भरेपर्यंत मी मागेच बसले.