पाकीट कोणी फोडलं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बी.ए. होऊन सुरतेला मामांकडे आलो. तिथल्या लिंबायत भागात मामांचा जेकार्ड मागांचा, म्हणजे नक्षीची साडी विणणाऱ्या मागांचा, कारखाना होता. मामा तरुणपणी खानदेशातून दुसऱ्याच्या मागावर काम करायला आले होते आणि वीस वर्षांत स्वतःचे माग घेऊन बसले होते. त्यांना शेठ म्हटलेलं आवडत नसे, आणि कोणी म्हटलं नाही तर तेही लक्षात येत असे. खाली माग धडधडत आणि वर माळ्यावर ऑफिस होतं. मला इंग्रजी येतं अशी घरात समजूत होती. त्यामुळे आलेली पत्रं वाचून दाखवणं हे माझं काम झालं. पत्रं आठवड्याला दोन येत. उरलेला वेळ मी वर्तमानपत्र वाचायचो.

वर्तमानपत्राला त्या काळात दर आठवड्याला संगणकाची पुरवणी असायची. तिच्यात नेहमी काहीतरी मेलेलं असे. एकदा कागद मेला. ही बातमी आठ पानांवर छापली होती. पुढे टपाल मेलं, दुकानं मेली, वह्या मेल्या. बातमीशेजारी कंपनीच्या साहेबाचा फोटो असे आणि बाजारात बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्याचा हात संगणकावर ठेवलेला असे. त्याच पानावर खाली त्याच कंपनीची जाहिरात असे. बातमीतलं आणि जाहिरातीतलं एखादं वाक्य शब्दाला शब्द सारखं निघायचं. दोन्हींत जाहिरातीची भाषा जरा संयमी असायची.

माळ्यावर माझ्या शेजारी कारखान्याचे मास्तर बसत. मास्तर म्हणजे नक्षी काढणारे. साडीची नक्षी आधी ग्राफपेपरवर चौकोन भरून काढायची, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि ते पत्ते मागावर चढवायचे. मास्तर अमरावतीकडचे, साठीला टेकलेले, कारखान्यात सगळ्यांत जुने. मी पुरवणी उघडली की ते पेन्सिल खाली ठेवून विचारायचे, "भाचेसाहेब, आज काय मेलं?"

एका आठवड्यात पुरवणीने सांगितलं की कापडाची नक्षी काढणारा माणूस आता संपला. मी ते पान घडी घालून बाजूला ठेवलं. मास्तरांनी ते न विचारता उचललं, चष्मा लावून वाचलं आणि पुन्हा तसंच घडी करून ठेवलं. पुढे आठवडाभर त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

ते पान वाचून त्यांना जी शंका आली ती खरी आहे हे मला आधीच माहीत होतं. मामांनी नक्षीचा संगणक सांगून ठेवला होता. पर्वत पाटियाजवळच्या एका विक्रेत्याने त्यांना पटवलं होतं की मास्तर आठवडा घेतात ते काम हे यंत्र एका दुपारी करेल. यंत्रावर मी बसायचं आणि दिवाळीला मास्तरांना निरोप द्यायचा, असा मामांचा बेत होता. मला खुर्ची मिळणार होती आणि ती कोणाची होती हे मला ठाऊक होतं. मी मामांना काही बोललो नाही. बी.ए. झालेला माणूस अशा वेळी विचार करतो आणि विचार संपेपर्यंत बोलायची वेळ टळून जाते.

संगणक आला. मागांच्या हादऱ्याने तो हलू नये म्हणून टेबलाच्या पायांखाली जुन्या चपलांचे तळ घातले. धूळ लागू नये म्हणून त्यावर साडीचा कटपीस पांघरला. त्याबरोबर एक सीलबंद पाकीट आलं, त्यात नक्षीचा प्रोग्राम असलेल्या फ्लॉप्या होत्या. पाकिटावर बारीक इंग्रजीत मजकूर होता. मामांनी तो मला वाचायला लावला. त्याचा अर्थ असा होता की हे पाकीट फोडलं म्हणजे आतल्या करारनाम्यातल्या सगळ्या अटी मान्य केल्या असं समजलं जाईल, सबब फोडण्यापूर्वी करारनामा वाचावा.

मामा थोडा वेळ पाकीट उलटंसुलटं करत राहिले. "मधला कागद बाहेरथून कसा वाचाना?" त्यांनी अहिराणीत विचारलं. पुरवणीतल्या एकाही तज्ज्ञाला हा प्रश्न पडलेला नव्हता.

विक्रेत्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, फोडा हो, सगळे फोडतात. पण मामा तरुणपणी एका कारखान्यात न वाचता कागदावर सही करून बसले होते आणि नंतर कळलं की त्यांनी स्वखुशीने नोकरी सोडली आहे. तेव्हापासून ते लग्नपत्रिकासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. पाकीट पंधरा दिवस देवाच्या फोटोखाली पडून राहिलं. मास्तर ग्राफपेपरवर चौकोन भरत राहिले. त्यांची नजर मधूनमधून त्या पाकिटाकडे जायची.

शेवटी मामांनी ठरवलं की फोडायचं आणि लगेच, यंत्राला हात लावण्याआधी, सगळा कागद वाचून काढायचा. वार ठरला तो आमच्या भागात वीज बंद असण्याचा, कारण त्या दिवशी माग थांबलेले असत आणि वाचलेलं ऐकू येत असे. आमच्या कारखान्यात रीत होती की नवी कुठलीही वस्तू आली की तिचा नारळ सगळ्यांत जुन्या माणसाने फोडायचा आणि पहिला हातही त्यानेच लावायचा. प्रत्येक नवा माग असाच मास्तरांच्या हाताने सुरू झालेला होता. मामांना यात काही वावगं वाटलं नाही. मास्तरांना वाटलं असेल, पण त्यांनी नारळ फोडला, पाकिटाला कुंकू लावलं आणि अंगठ्याच्या नखाने सील उचकटलं. माणूस आपल्याच निरोपसमारंभाची वर्गणी देतो तसा त्यांचा चेहरा होता.

आतून करारनामा निघाला. कारागीर जमिनीवर बसले, दोघातिघांनी सवयीने हात जोडले. मी स्टुलावर बसून एकेक कलम मराठीत सांगू लागलो. ही वस्तू तुम्ही विकत घेतलेली नाही, फक्त वापरायची परवानगी घेतली आहे. ती कशी चालते हे आत उघडून पाहायचं नाही. हे ऐकून मागांचा फिटर कसनुसा झाला, त्याचं सगळं आयुष्य आत उघडून पाहण्यात गेलेलं. पुढचं कलम असं होतं की ही वस्तू कुठल्याही विशिष्ट कामाला उपयोगी पडेल याची हमी बनवणारा देत नाही.

"मंग हाऊ इकस काय?" मामांनी विचारलं. तो विकतो तरी काय, हे त्या कलमात नव्हतं, पुढच्याही नव्हतं.

भांडण झालं तर खटला समुद्रापलीकडच्या एका गावी चालेल असं पुढे होतं. तिथे जायला एस.टी. आहे का, असं मागून कोणीतरी विचारलं आणि मामांनी त्याला गप्प केलं. मग नववं कलम आलं. जो हे पाकीट उघडेल त्याला ही परवानगी मिळते. ती फक्त त्याचीच. ती दुसऱ्याला देता, विकता किंवा भाड्याने लावता येणार नाही.

मी वाचून गेलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामांच्या माझ्याआधी आलं होतं.

"पाकीट कोनी फोडं?"

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. त्यांच्या एका हातात नारळाची वाटी होती आणि दुसऱ्यात सीलची पट्टी.

"तुमीच तं म्हनलं, शेठ," मास्तर म्हणाले. "मंग मी फोडलं."

मामा माझ्याकडे वळले. "तसंच लिखेल शे का?"

एखादा वकील या अर्थाला हसला असता हे मला कळत होतं. पण कागद माझ्या हातात होता आणि कागदावर तसंच होतं. एका शब्दाने मला खुर्ची मिळाली असती. "तसंच लिहिलंय, मामा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला बोलावलं. मामांनी त्याला हिंदीत सगळा प्रकार सांगितला. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. मग त्याने चेहरा गंभीर केला आणि म्हणाला की शेठ, तुम्ही कायद्याचं बरोबर बोलता, परवानगी या काकांचीच झाली. तुमच्या भाच्याला बसवायचं तर दुसरं पाकीट घ्यावं लागेल, माझ्याकडे आहे एक. या एका वाक्याने त्याने मास्तरांसाठी जे केलं ते मोठ्या वकिलालाही जमलं नसतं. मामांनी त्याला चहा पाजला आणि दुसरं पाकीट नको म्हणून सांगितलं.

मास्तरांना माऊस धरता येत नव्हता. टेबलावरून तो घसरला की ते त्याला दोन्ही हातांनी पकडायचे. म्हणून असं ठरलं की परवानगीवाले मास्तर खुर्चीवर बसतील आणि शेजारच्या स्टुलावरून मी त्यांच्या देखरेखीखाली बटणं दाबेन. ते आधी ग्राफपेपरवर नक्षी काढत, मग मी ती चौकोन चौकोन यंत्रात भरी. एका दुपारचं काम आता नऊ दिवसांत होऊ लागलं. पण नक्षी चांगली उतरत होती, कारण यंत्राला चौकोन कळत आणि मास्तरांना पदर खांद्यावरून कसा पडतो ते कळे. नवी साडी बाजारात चालली. श्रेय कोणाचं हा प्रश्न निघालाच तर मामा त्या यंत्राकडे बोट दाखवत, कारण गिऱ्हाइकांना तेच ऐकायचं असे.

मास्तर मात्र थोडे बदलले. ते जेवायला उठले की मला कळफलकाला हात लावू देत नसत. कायदा आहे, म्हणत. जेवण करून, सुपारी कातरून सावकाश येत आणि खुर्चीवर बसून म्हणत, हं, चालू द्या.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मामांनी सगळ्यांना मिठाईचे डबे वाटले. सुरतेच्या रिवाजाप्रमाणे कारखाना आता पाडव्यानंतर लाभपाचमीच्या मुहूर्तावर उघडणार होता. मास्तर शेवटी आले. त्यांनी डबा घेतला आणि उभेच राहिले. मामांनी खिडकीतून खालचे बंद माग एकदा पाहून घेतले.

"लाभपाचमले आठ वाजता या, मास्तर," ते म्हणाले.

मास्तरांनी डबा काखेत धरला. "येतो," ते म्हणाले. "पन ग्राफपेपर सरत आला, थो मागवून ठेवजा."